रोजची भाकर रोजच मागायची : घरी प्रार्थना सुरू करणाऱ्यांसाठी

रविवारची उपासना सुटली की मंडळीत नव्याने येणारं कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतं, "ताई, घरी प्रार्थना कशी करायची?" पाळकांना विचारायचा संकोच असतो. पंचांची लांबलचक प्रार्थना ऐकून 'आपल्याला काही हे जमायचं नाही' असं मनाने आधीच घेतलेलं असतं. "प्रार्थनेत राहा" हे सगळेच सांगतात. पण किती वेळ राहायचं, काय बोलायचं, डोळे मिटल्यावर उद्याच्या मजुरांचा हिशोबच आठवायला लागला तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

मी धुळे जिल्ह्यातली. घरी कापूस आणि ज्वारी, रविवारी संडे स्कूल, आणि नव्या बहिणींबरोबर बसणं हे माझं काम. त्यामुळे पुढचं सगळं खान्देशातल्या घरांचा, शेतांचा, लाइटच्या वेळांचा विचार करून लिहिलं आहे. जन्माने ख्रिस्ती असून प्रार्थना फक्त चर्चमध्येच होते, अशांनाही ते चालेल.

सुरुवातीला पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा १६वा अध्याय वाचून घ्या. रानात इस्राएल लोकांना देव मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, देत होता. तो रोज सकाळी गोळा करायचा, माणशी एक ओमर (त्या काळचं माप). काहींनी हुशारी करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि वास सुटला. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, आणि तो मात्र टिकायचा. चाळीस वर्षं हेच चाललं. देवाला एकदम वर्षाचं धान्य देता आलं नसतं का? आलं असतं. पण मग उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याच्याकडे कुणी पाहिलं असतं? रोजची प्रार्थना म्हणजे हे रोजचं गोळा करणं. बाकीच्या पायऱ्या त्यासाठीची सोय आहेत.

काय काय लागेल

कागदपत्र एकही लागत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला नको, पाळकांचं पत्र नको. लागतं ते एवढंच :

- मराठी पवित्र शास्त्र. डोळे अधू असतील तर मोठ्या अक्षरांचंच घ्या. बारीक अक्षरांचं स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं चार दिवसांत कपाटात जातं. नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र असलेलं छोटं पुस्तकही पुरतं.
- वाचता येत नसेल तर मोबाइलमध्ये ऐकायचं मराठी शास्त्र. नातवाकडून एकदा उतरवून घ्या, म्हणजे नेटवर्क नसलं तरी चालेल.
- एक साधी वही आणि पेन.
- विश्वासाचं एक माणूस, ज्याला "आज माझ्यासाठी प्रार्थना करशील का" असं म्हणता येईल. पोटात गोष्ट ठेवणारं माणूस निवडा. प्रार्थनेचा विषय म्हणून गावभर बातमी फिरवणारे प्रत्येक मंडळीत असतात.

मेणबत्ती, भिंतीवरचा क्रूस, तेलाची बाटली यांतलं काही नसलं म्हणून प्रार्थना अडत नाही.

१. वेळ आपल्या कामाकडे बघून ठरवा

येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाई, हे मार्क १:३५ मध्ये आहे. ते वाचून नवे लोक लगेच पहाटे चारचा गजर लावतात. तिसऱ्या दिवशी गजर बंद होतो आणि त्याबरोबर प्रार्थनाही. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. ५५व्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा आहेत. म्हणजे शास्त्राने एकच वेळ बांधून दिलेली नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांची सकाळ म्हणजे नुसती धावपळ. भाकरी थापायच्या, डबा बांधायचा, ट्रॅक्टर यायच्या आत चौकात उभं राहायचं. त्यांनी सकाळ धरू नये. दुपारी बांधावर जेवण झाल्यावरची दहा मिनिटं धरावीत. पंपाची लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात बारे देणाऱ्या (पिकाला पाणी भरणाऱ्या) माणसाला विहिरीवर भरपूर वेळ मिळतो. भुसावळच्या रेल्वेतल्या भावांची ड्युटी बदलत असते. त्यांनी घड्याळ धरण्यापेक्षा 'ड्युटीवर निघण्याआधी' अशी खूण धरावी. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की दुपारी कुणाचंच मन लागत नाही. तेव्हा गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी पहाटच बरी.

दहा मिनिटांनी सुरुवात करा. रोज होणारी दहा मिनिटं आठवड्यातून एकदा होणाऱ्या दोन तासांपेक्षा जास्त कामाची. केळीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. रावेर-यावलकडे ठिबकने रोज थोडं थोडं पाणी देतात. आठवडाभर कोरडं ठेवून एका दिवशी पाट सोडून दिला, तर बाग तशी राहत नाही.

२. जागा

'आपल्या खोलीत जा, दार लावून घे', असं मत्तय ६:६ मध्ये आहे. दोन खोल्यांत सात माणसं राहत असतील तर खोली आणायची कुठून? गोठ्यात बसा, गच्चीवर जा, चालत शेतात जाताना बोला. आमच्या बायका पदर पुढे ओढून घेतात, तेवढी आडोशाची जागा त्यांना पुरते. हन्ना मंदिरात मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते. एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. आवाज झाला नाही म्हणून प्रार्थना अडली नाही.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. झोपून मात्र नको. देवाला चालेलही, पण तुम्ही झोपून जाल.

३. आधी ऐका, मग बोला

बसल्या बसल्या मागण्यांना सुरुवात केली की मन आपल्याच काळजीभोवती घिरट्या घालत राहतं. म्हणून आधी एक स्तोत्र वाचा, शक्यतो मोठ्याने. स्तोत्रं १५० आहेत. रोज एक म्हटलं तर पाच महिने निघतात. पण १ पासून ओळीने जायची सक्ती नाही. नव्यांना मी सहसा २३, १२१, ४, १३१ आणि १३ या क्रमाने देते. १३१वं तीनच वचनांचं आहे, थकलेल्या दिवशी उपयोगी पडतं. ११९वं १७६ वचनांचं आहे, ते तूर्त राहू द्या. लेवीय पुस्तकापासून तर कुणीच सुरुवात करू नये.

१३वं मुद्दाम देते. 'हे परमेश्वरा, कुठवर?' या प्रश्नाने ते सुरू होतं आणि हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत पुन्हा पुन्हा येतो. देवापुढे गोड गोडच बोलायचं असतं, तक्रार केली तर अविश्वास ठरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. स्तोत्रांत तक्रारी आहेत, रडणं आहे, रागही आहे. ज्याच्यावर आपण खरोखर टेकलेलो असतो त्याच्याशीच माणूस असं बोलतं.

वाचताना एखाद्या ओळीपाशी मन थांबलं तर तिथेच थांबा. अध्याय पुरा करण्याची घाई नाही.

गाणं जमत असेल तर एक कडवं गा. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आपल्याकडे खेड्यापाड्यांत टाळ-ढोलकीवर म्हटली जातात. त्यांतलं एखादं पाठ असतंच. अक्षरओळख नसलेल्या माणसाचं ते शास्त्रवाचनच समजा.

४. प्रभूच्या प्रार्थनेची चौकट धरा

'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना (मत्तय ६:९-१३) सगळ्यांना पाठ असते आणि म्हणूनच एका दमात म्हणून टाकली जाते. शिष्यांपैकी एकाने "आम्हांला प्रार्थना करायला शिकवा" म्हटल्यावर येशूने हीच दिली (लूक ११:१). म्हणजे हा शिकवणीचा धडा आहे. तेव्हा एकेक ओळ म्हणा, थांबा आणि त्या ओळीखाली आपलं आजचं बोला.

*पित्या.* इथेच जरा थांबा. ज्यांच्या घरात बाप दारू पिऊन मारत होता, त्यांना हा शब्द जड जातो. आमच्या मंडळीतली एक बहीण कित्येक दिवस फक्त 'प्रभू' म्हणायची. तिला कुणी घाई केली नाही, हे बरंच झालं.

*तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा.* पहिल्या तिन्ही मागण्या देवाविषयीच्या आहेत, आपली भाकर नंतर येते. इथे मी दिवसाची कामं एकेक करून पुढे ठेवते : आज बाजार समितीत जायचं आहे, आज शाळेत मीटिंग आहे, यात तुझ्या मनासारखं होऊ दे. दिवस आपल्या हातात नाही, हे कामं सुरू व्हायच्या आधीच कबूल करून टाकायचं.

*आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.* सगळ्यात जास्त वेळ इथे द्या आणि नाव घेऊन मागा. "सर्वांना आशीर्वाद दे, सर्वांचं भलं कर" या प्रार्थनेचं उत्तर आलं की नाही हे कळायचं तरी कसं? आमच्याकडे एक म्हातारी आजी आहेत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापता थापता प्रार्थना करतात. तव्यावर एक, हातात एक, आणि तोंडाने : "प्रभू, आज बुधवार. नातीचा गणिताचा पेपर. तिला भ्या लागतं, तिच्याजवळ बैस. पीठ शनवारपर्यंत पुरंल, पुढचं तू पाह्य. गुडघा दुखू राह्यला, पण तो कालचाच आहे." भाकरी उलटायची वेळ झाली की मध्येच थांबतात आणि तिथूनच पुढे सुरू करतात. त्या सोप्या बोलण्यात दिवस आहे, नाव आहे, भीती आहे, पिठाचा डबा आहे. यापेक्षा चांगली शिकवणी मी कुठे ऐकलेली नाही.

'आज' हा शब्द सोडू नका. कर्ज तीन लाखांचं असेल, पण आज करायचं काम एकच असतं : सोसायटीत जाऊन सचिवांशी बोलणं. तेवढ्यासाठी धैर्य मागा. मुलीच्या लग्नाची काळजी असेल, तर आज ज्या नातेवाइकाला फोन करायचा आहे त्या बोलण्यासाठी शहाणपण मागा. उद्याची काळजी उद्यासाठी आहे, हे त्याच अध्यायाच्या शेवटी (६:३४) येशूनेच सांगितलं आहे.

आणि भाषा? घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत बोला. "देवा, माले तुनी गरज शे" ही पूर्ण प्रार्थना आहे. लेवा बोली, मावची, पावरी, भिलोरी, जी आईने शिकवली ती. व्यासपीठावरची 'हे सार्वकालिक, सर्वसमर्थ' भाषा पाळकांना शोभते. चुलीपुढे ती ओढूनताणून आणली की माणूस दुसऱ्याच कुणाच्या तोंडाने बोलायला लागतो.

*आमची पापे क्षमा कर, जशी आम्हीही क्षमा करतो.* खान्देशात या ओळीखाली निम्म्या घरांत बांधाचं भांडण येतं. भावाने वीतभर बांध कोरला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. क्षमा म्हणजे मोजणी आणायची नाही, हक्क सोडायचा, असं नाही. भूमी अभिलेखकडे अर्ज जरूर करा. पण त्याचं वाईट व्हावं ही मनातली इच्छा देवाच्या हातात द्या. एकदा देऊन ती जात नाही. रोज परत येते आणि रोज द्यावी लागते. हीसुद्धा रोजची भाकरच.

*परीक्षेत आणू नको.* आजची परीक्षा आपल्याला साधारण ठाऊक असते. संध्याकाळी त्या टपरीवरून जायचं आहे, त्या माणसाचा फोन येणार आहे, मापात मारायची संधी मिळणार आहे. नाव घेऊन सांगा.

५. मागितलं की उठून कामाला लागा

देवावर अवलंबून राहायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असा अर्थ काढणारे आहेत. 'विश्वास आहे ना, मग धडपड कशाला?' असं वर ऐकवतातही. नहेम्या ४:९ बघा. यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. बोंडअळीसाठी प्रार्थना करा आणि कामगंध सापळेही (अळीचे पतंग पकडणारे) लावा. पावसासाठी प्रार्थना करा आणि पीकविम्याची तारीखही चुकवू नका.

पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) कुणा माणसापुढे हात न पसरता गरजा देवालाच सांगत. त्यांच्या उदाहरणाचा रमाबाईंवर प्रभाव होता. पण मुक्तीत नुसती प्रार्थना चालत नव्हती. शेती होती, छापखाना होता, मुलींना हातकाम शिकवलं जाई, आणि रमाबाई मूळ भाषांतून मराठी बायबलचं भाषांतर करत बसत. ते छापून निघालं १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

इथेच दवाखान्याचं स्पष्ट लिहिते, कारण यात जीव जातात. प्रार्थना सुरू केली म्हणून कुठलंही औषध बंद करू नका. टीबीचा कोर्स, मिरगीच्या गोळ्या, साखरेचं इन्सुलिन, बीपीची गोळी, नंदुरबारकडे ज्या घरांत सिकलसेल आहे तिथल्या मुलांचं औषध, सगळं डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं. 'गोळी घेणं म्हणजे अविश्वास' असं कुणी म्हणालं, मग तो कितीही मोठा प्रचारक असो, तर त्याला यशया ३८:२१ दाखवा. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, देवाने प्रार्थना ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप त्याच्या गळवावर लावायला सांगितला. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), आणि पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, ते उभं राहिलं तेच मुळी प्रार्थना आणि औषध हे एकमेकांचे वैरी नाहीत या समजुतीवर.

६. दिवसभर अधूनमधून

राजाने नहेम्याला विचारलं, "तुला काय पाहिजे?" आणि उत्तर देण्याआधी त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कितीसा वेळ असणार? पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा "प्रभूजी, मला वाचवा" एवढंच म्हणाला. 'निरंतर प्रार्थना करा' (१ थेस्सलनी ५:१७) हे मला असंच जमण्यासारखं वाटतं. एसटीच्या रांगेत, तलाठ्याच्या दारात, सासूबाईंना उलट उत्तर द्यायचं तोंडावर आलेलं असताना एक श्वास घ्यायचा आणि "प्रभू, सांभाळ" म्हणायचं.

७. रात्री वहीत दोन ओळी

डाव्या बाजूला तारीख आणि आज काय मागितलं ते. उजवी बाजू मोकळी. उत्तर दिसेल त्या दिवशी तिथे तारीख आणि काय झालं ते लिहायचं. म्यूलर अशीच नोंद ठेवत. 'नाही' हेही उत्तर लिहा, आणि 'मागितलं ते नाही मिळालं, दुसरंच मिळालं' हेही.

दर महिन्याला मागची पानं उलटा. मनाला वाईट तेवढंच लक्षात राहतं; निभावलेले दिवस ते विसरून जातं. वही विसरत नाही. फक्त ती कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि दुसऱ्यांच्या गोष्टी नावानिशी लिहू नका. एक अक्षर पुरे.

८. घरात बाकीचे विश्वासात नसतील तर

एकत्र कुटुंबात सून किंवा मुलगा एकटाच मंडळीत येतो, हे आपल्याकडे नवीन नाही. सासूबाईंची देवपूजा ज्या वेळी असते, तीच वेळ तुम्ही धरू नका. दोघींच्या मनात उगाच अढी बसते. जेवणाआधी डोळे मिटून मनात आभार माना, ताटावर बसलेल्यांना प्रवचन नको. विचारलं तर खरं सांगा. लपवाछपवी करू नका, वाद घालू नका, आणि प्रार्थनेच्या नावाखाली घरातल्या कामातून अंग काढू नका. "चर्चला जायला लागल्यापासून ही कामाला हात लावत नाही" असं कानावर आलं, तर दोष सासूबाईंचा नाही.

९. इथे पाय घसरतो

*नवस.* ही आपल्या मातीतली सवय, ख्रिस्ती झाल्यावरही जात नाही. "प्रभू, पोरगा पास झाला तर मंडळीला पाच हजार देईन." आभार म्हणून अर्पण द्यायला कुणाची हरकत नाही, पण आधी अट घालून केलेला हा सौदा आहे. सौद्यात दोन्ही पक्ष बरोबरीचे असतात. लेकरू बापाशी सौदा करत नाही, मागतं.

*पैसे घेऊन प्रार्थना.* फोनवर "तुमच्यावर बंधन आहे, एवढे पाठवा म्हणजे तोडतो" असं सांगणारे आहेत, तेलाच्या बाटल्या आणि रुमाल विकणारेही आहेत. आमच्या ओळखीच्या एका घराने अशा एकाच्या नादी लागून गळ्यातलं मोडलं. नाव घेत नाही. पैशाचा आकडा ऐकू आला की फोन ठेवा. आजारी माणसासाठी मंडळीचे वडील येऊन प्रार्थना करतात (याकोब ५:१४), आणि तिथे पावतीपुस्तक नसतं.

*पुढे पाठवा.* 'ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल' हे डिलीट करा.

*तुमचा विश्वास कमी पडला.* यावर जरा जास्त लिहिते. मूल गेलेल्या आईला, किडनी निकामी झालेल्या माणसाला आपलीच माणसं हे वाक्य ऐकवतात, म्हणून. येशूने गेथशेमानेत तीन वेळा प्रार्थना केली की हा प्याला टळून जावो. तो टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवलं, आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे' (२ करिंथ १२:९). या दोघांचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का? पाऊस रुसतो त्या वर्षी मंडळीतल्या लोकांची विहीरही इतरांसारखीच आटते. देव नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो (मत्तय ५:४५), आणि दुष्काळ पडला तर तोही दोघांच्या शिवारात पडतो. अवलंबून राहायचं म्हणजे उत्तर आपल्या मनासारखंच येईल याची हमी घेणं नव्हे. ज्यांचं उत्तर 'नाही' आलं आहे त्यांच्या शेजारी जाऊन बसा, चहा करून द्या, वचनं नंतर सांगा.

*मन भटकतं.* भटकणारच. मजुरांचा हिशोब आठवला तर हिशोबासाठीच प्रार्थना करा आणि परत ओळीवर या. चिडून उठून जाऊ नका.

१०. खंड पडला तर

पडतो. लग्नसराई, आजारपण, वेचणीची घाई. मग लोक काय करतात, आठ दिवसांचं एकदम भरून काढायला बसतात, दमतात आणि सोडून देतात. कालचा मान्ना आज गोळा करायचा नसतो. "प्रभू, आठ दिवस आलो नाही, आज आलोय" एवढं म्हणा आणि आजच्या स्तोत्राने सुरू करा. तुमच्या त्या विश्वासाच्या माणसालाही सांगून टाका.

दिवाळीनंतर नंदुरबार-नवापूरकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांसाठी वेगळं : कोपीवर (तोडीच्या जागेवरच्या झोपडीत) चार्जिंगचा भरवसा नसतो, म्हणून मोबाइलवर विसंबू नका. नवा करार आणि स्तोत्रांचं छोटं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोयत्याबरोबरच बांधा. टोळीत मंडळीतलं आणखी कोण आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवा, म्हणजे रात्री गाडी भरायची नसेल त्या दिवशी दोघांना एकत्र बसता येईल. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना २३वं स्तोत्र पाठ करून घ्या. अंधारात वाचायची गरज पडत नाही.